बेबीलेग्ज: टाइट्स आणि बाटल्यांपासून बनणारं सूक्ष्मप्लास्टिकचं जाळं

पाण्यावर तरंगणारे ५ मिलिमीटरपेक्षा लहान प्लास्टिकचे तुकडे गोळा करायला बहुतेक प्रयोगशाळा मांटा ट्रॉल हे होडीने ओढायचं जाळं वापरतात. धातूची चौकट, दोन्ही बाजूंना पंखासारखे तरंगते भाग आणि मागे साधारण ३३३ मायक्रॉन (मिलिमीटरचा तिसरा हिस्सा) छिद्रांची लांब पिशवी. काम चोख करतं. पण त्याची किंमत तीन-साडेतीन हजार डॉलरच्या घरात जाते, आणि ते पाण्यात सोडायला-उचलायला बऱ्यापैकी मोठी होडी लागते. ज्यांच्या ताटात त्याच पाण्यातला मासा रोज येतो, त्यांच्या हाती हे जाळं क्वचितच असतं.

बेबीलेग्ज हे त्यावरचं उत्तर आहे. कॅनडातल्या न्यूफाउंडलंड बेटावर, सेंट जॉन्स शहरातल्या मेमोरियल विद्यापीठात ‘क्लिअर’ नावाची प्रयोगशाळा आहे. मेटी या मूळ रहिवासी समाजातल्या मॅक्स लिबोइरॉन यांनी ती उभी केली. तिथेच हे जाळं आकाराला आलं: लहान मुलांचे टाइट्स, शीतपेयाच्या रिकाम्या बाटल्या, क्लिपा आणि दोरी. रचना कुणालाही मोफत वापरता येते, आणि सगळं सामान दहा-पंधरा डॉलरच्या आसपास जमतं.

आमचं मत आधीच सांगतो. या पाण्यात प्लास्टिक आहे का, आणि असेल तर दोरीचं, पिशवीचं की थर्माकोलचं, एवढं बघायचं असेल तर या किमतीत याच्या तोडीचं साधन नाही. पण ‘दर घनमीटरला इतके तुकडे’ असा ठाम आकडा सरकारदरबारी ठेवायचा असेल, तर एकट्या बेबीलेग्जवर विसंबू नये. या दोन कामांतला फरक अनुदानाच्या अर्जात नीट मांडला नाही, की पैसा चुकीच्या जागी जातो. म्हणून जाळ्याचं परीक्षण करताना पैशाचंही करावं लागतं.

न्यूफाउंडलंडमध्ये १९९२ साली कॉड माशाच्या व्यापारी मासेमारीवर बंदी आली. पुढे घरापुरता कॉड ठरावीक दिवसांत पकडायची मुभा लोकांना मिळाली. क्लिअरने अशाच लोकांनी खाण्यासाठी पकडलेल्या माशांची आतडी धक्क्यावर जमा केली. २०५ कॉड तपासले, त्यातल्या ५ माशांत प्लास्टिक सापडलं, म्हणजे २.४ टक्के. बेटाच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या सिल्व्हर हेक माशांत एकही तुकडा निघाला नाही, आणि तो शून्यही त्यांनी संशोधन म्हणून छापला. या शून्याचं मोल मोठं आहे. उत्तरेकडच्या इन्युइट या मूळ रहिवाशांच्या गावांत दुकानातलं अन्न महाग असतं. अर्धवट पुराव्यावर ‘तुमचा मासा विषारी आहे’ असं सांगून लोकांना माशापासून तोडलं, तर जेवण खालावतं आणि प्लास्टिक जिथल्या तिथे राहतं.

कॅनडातल्याच लॅब्राडोरच्या किनाऱ्यावरचा नुनात्सिआवुत हा इन्युइट लोकांचा स्वशासित प्रदेश २००५ मध्ये अस्तित्वात आला. नेन, होपडेल, माकोविक, पोस्टव्हिल आणि रिगोलेट ही त्यातली पाच गावं. एकाही गावाला बाहेरून येणारा रस्ता नाही. विमान, बोट, नाहीतर हिवाळ्यात बर्फावरून चालणारी गाडी. अशा ठिकाणी लोखंडी चौकटीचं जाळं न्यायचं म्हटलं की मालवाहतुकीचंच बिल डोळे पांढरे करतं. बेबीलेग्ज पाठपिशवीत मावतं, आणि मोडलं तर गावातल्या दुकानातल्या सामानातून दुरुस्त होतं.

आता बांधणी. साहित्य असं: दोन-तीन वर्षांच्या मुलाच्या मापाचे नायलॉनचे टाइट्स, तोंडासाठी जाड प्लास्टिकची एक रुंद बाटली, तरंगण्यासाठी शीतपेयाच्या एकाच मापाच्या दोन बाटल्या, स्टेनलेस स्टीलची एक मोठी होज क्लिप, सहा-आठ केबल टाय आणि १५ मीटर दोरी. केबल टाय काळेच घ्या. पांढरे उन्हात लवकर ठिसूळ होतात आणि त्यांचेच तुकडे नमुन्यात येतात. टाइट्सचा रंग विचार करून निवडावा. पांढरे, काळे, निळे नकोत, कारण पाण्यातले धागेही बहुधा याच रंगांचे असतात. भडक गुलाबी किंवा पोपटी घेतले, तर जाळ्यातून सुटलेला धागा सूक्ष्मदर्शकाखाली लगेच ओळखू येतो आणि मोजणीतून बाजूला काढता येतो.

रुंद बाटलीचा वरचा आणि खालचा भाग कापून वीतभर लांबीचं नळकांडं करायचं. कापलेली कड काचपेपरने गुळगुळीत करावी, नाहीतर पहिल्याच ओढीत टाइट्स फाटतात. काचपेपरमुळे बाटलीचा भुगा पडतो, म्हणून नळकांडं आतून-बाहेरून तीन वेळा खळखळून धुवायला हवं. बरेच जण ही पायरी गाळतात आणि मग नमुन्यात पारदर्शक चुरा सापडला म्हणून हरखून जातात. तो बहुधा त्यांच्याच बाटलीचा असतो. कड झाकायला चिकटपट्टी लावू नका. पाण्यात ती सुटते आणि तिच्या डिंकाला प्लास्टिक चिकटून बसतं.

टाइट्सची कंबर नळकांड्यावर बाहेरून चढवायची आणि कडेपासून दोन सेंटिमीटर आत होज क्लिप आवळायची. क्लिप फार आवळली तर गोल तोंड लंबगोल होतं, आणि पुढे क्षेत्रफळाचा हिशेब चुकतो. आवळून झाल्यावर व्यास दोन दिशांनी मोजा. फरक अर्ध्या सेंटिमीटरहून जास्त असेल तर क्लिप सैल करा. एका पायाला मांडीपाशी गाठ मारून तो बंद करावा. दोन्ही पाय उघडे ठेवले तर नमुना दोन टोकांत विभागतो, दोनदा धुवावा लागतो आणि त्यात सांडलवंड होते. पाय कात्रीने कापू नका, कापलेल्या विणीतून धागे सुटत राहतात.

तरंगणाऱ्या बाटल्या नळकांड्याच्या दोन्ही बाजूंना केबल टायने बांधायच्या. त्यांची झाकणं गच्च लावून वरून वितळलेलं मेण किंवा गोंद लावावा. एका बाटलीत पाणी शिरलं की जाळं कलतं, एक बाजू हवेत आणि दुसरी खोल, आणि हे होडीतून चटकन लक्षात येत नाही. तोंड बरोबर निम्मं पाण्यात बुडालं पाहिजे. टाइट्स ओले करून आधी पिंपात तपासा. कोरडे असताना साधलेला तोल ओले झाल्यावर बिघडतो. बाटल्या थोड्या वर-खाली सरकवून तो जुळवता येतो.

पुढच्या कडेला समोरासमोर दोन भोकं पाडून लगाम बांधायचा: प्रत्येकी अर्ध्या मीटरचे दोन समान दोर पुढे एका गाठीत मिळवायचे. एक दोर बोटभरही लांब राहिला, तर जाळं तिरकं धावतं आणि कमी पाणी गाळतं. भोकांच्या कडाही घासून घ्या. शेवटी, वापरलेल्या प्रत्येक वस्तूचा एकेक तुकडा (टाइट्स, बाटली, केबल टाय, दोरी) छोट्या कागदी पाकिटात ठेवून त्यावर तारीख लिहा. पुढे तुकड्यांची ओळख पटवताना हे पाकीट लाखमोलाचं ठरतं. होडीच्या रंगाचा एक टवकाही त्यात असू द्या. रंगाच्या खपल्या प्लास्टिक म्हणून मोजल्या जाणं ही नेहमीची चूक आहे.

ओढताना जाळं होडीच्या मागे सोडू नये. पंख्याने घुसळलेल्या पाण्यात तुकडे खाली ढकलले जातात. होडीच्या बाजूने लांब बांबू काढून जाळं त्याला बांधावं, म्हणजे ते न ढवळलेल्या पाण्यातून चालतं. वेग एक ते दोन नॉट, म्हणजे माणसाच्या रमतगमत चालण्याएवढा. त्याहून जास्त वेगात टाइट्सची वीण ताणून छिद्रं मोठी होतात आणि बारीक तुकडे निसटतात. वेळ अर्धा तास. वारा असेल, पाण्यावर पांढरे फेसाळ शेंडे दिसत असतील, तर त्या दिवशी नमुना घेऊच नका. वाऱ्याने प्लास्टिक खाली मिसळतं आणि पृष्ठभाग खोटाच स्वच्छ दिसतो.

टाइट्सची वीण बारीक, त्यामुळे जाळं लवकर तुंबतं. शेवाळ, जेलीफिश, पानं, कशानेही. तुंबलेलं जाळं ओळखायची खूण सोपी आहे: तोंडासमोर पाण्याची फुगीर कमान तयार होते आणि पाणी आत न जाता बाजूने वळसा घेतं. हे दिसताच जाळं उचला, घड्याळातली वेळ लिहा आणि तेवढ्याच वेळेचा हिशेब धरा. तुंबलेलं जाळं अर्धा तास ओढलं तर कागदावर पाणी भरपूर, प्रत्यक्षात थोडं, आणि प्लास्टिक आहे त्याहून कमी दिसतं.

पाण्याचा हिशेब असा. तोंडाचा व्यास १० सेंटिमीटर असेल तर क्षेत्रफळ ७८.५ चौरस सेंटिमीटर, निम्मं बुडालेलं ३९. दोन नॉट वेगाने अर्धा तास म्हणजे १ सागरी मैल, १,८५२ मीटर. गुणाकार केला तर साधारण ७.३ घनमीटर पाणी गाळलं जातं. ६० सेंटिमीटर रुंद आणि १५ सेंटिमीटर उंच तोंडाचा मांटा ट्रॉल पूर्ण बुडून तेवढंच अंतर गेला तर सुमारे १६७ घनमीटर गाळतो, म्हणजे जवळजवळ तेवीसपट.

बेबीलेग्जची खरी मर्यादा या आकड्यात आहे. ७.३ घनमीटरमध्ये एकही तुकडा सापडला नाही, तर ‘पाणी स्वच्छ आहे’ असं म्हणता येत नाही. संख्याशास्त्राचा साधा नियम आहे: काहीच सापडलं नाही तर ३ ला गाळलेल्या पाण्याने भागा, त्या आकड्याइतके तुकडे अजूनही असू शकतात, आणि हे विधान ९५ टक्के खात्रीने करता येतं. ३ भागिले ७.३ म्हणजे दर घनमीटरला ०.४. त्याच ठिकाणी तीन ओढी केल्या तर पाणी २२ घनमीटर होतं आणि मर्यादा ०.१४ वर येते. म्हणून एका ठिकाणी किमान तीन ओढी, हा आमचा आग्रह. माशांनाही हाच नियम लागतो: ५० मासे तपासून शून्य आलं तरी खरा दर ६ टक्क्यांपर्यंत असू शकतो; १०० तपासले तर ३ टक्क्यांपर्यंत. दहा-वीस मासे कापून ‘आमच्या खाडीचा मासा शुद्ध’ किंवा ‘अशुद्ध’ असं जाहीर करणारं संशोधन कुणीही केलं तरी मान्य करू नये.

शिवाय विणलेल्या कापडाला छिद्राचं ठरलेलं माप नसतं. ताण पडला की वीण उघडते, गुडघ्यापाशी एक माप, टाचेपाशी दुसरं. म्हणून बेबीलेग्जचा आकडा मांटाच्या आकड्याशेजारी तक्त्यात ठेवून तुलना करणं चूक आहे. त्यासाठी क्लिअरनेच लाडी नावाचा ट्रॉल विकसित केला. त्यातली जाळी ठरावीक मापाची, चौकट पक्की आणि किंमत सुमारे पाचशे डॉलर. काम शाळेपुरतं किंवा गावाच्या पहिल्या पाहणीपुरतं असेल तर बेबीलेग्ज घ्या. वर्षानुवर्षं तुलना करायची असेल तर सरळ लाडी घ्या. दोन्हींच्या मध्ये अडकून बेबीलेग्जलाच महागडे जोड लावत बसणं परवडत नाही.

नमुना उतरवताना टाइट्स क्लिपेतून सोडवा, पण आधी बाहेरून आत पाणी मारून सगळं टाचेकडे ढकला. हे पाणी गाळलेलं असावं. थेट नळाचं किंवा समुद्राचं पाणी स्वतःबरोबर धागे आणतं. मग पाय उलटा करून स्टीलच्या पातेल्यात धुवायचा. शिवणीत तुकडे अडकतात, तिथे चिमट्याने नीट बघा. पातेल्यावर लगेच ॲल्युमिनियम फॉइल. काम करणाऱ्याच्या अंगावर सुती कपडे असावेत, फ्लीसचं जॅकेट तर मुळीच नको. उत्तरेच्या थंडीत हे पाळणं जड जातं, पण फ्लीस म्हणजे पॉलिएस्टरच.

शेजारी एका उघड्या बशीत ओला गाळणकागद ठेवून द्या. काम संपल्यावर त्यावर किती धागे पडले ते मोजा. हवेतून तुमच्या नमुन्यात किती आले असतील त्याचा तो अंदाज. यासोबत, नव्या टाइट्सचं जाळं स्वच्छ पाण्याच्या टाकीत अर्धा तास हलवून त्याचाही एक नमुना घ्यावा. जाळं स्वतः किती धागे सोडतं ते त्यातून कळतं. या दोन कोऱ्या नमुन्यांशिवाय धाग्यांची मोजणी छापू नये, आणि अनुदान देणाऱ्यांनी अर्जात त्यांचा उल्लेख नसेल तर तो परत पाठवावा. इथे आम्ही कठोर आहोत, कारण टाइट्स नायलॉनचे आहेत: जाळंच प्लास्टिकचं आहे.

आता निवड. क्लिअरने माशांच्या आतड्यांसाठी ४.७५ मिलिमीटर आणि १ मिलिमीटर अशा एकावर एक दोन चाळण्या वापरल्या आणि १ मिलिमीटरखालचं मोजलं नाही. साध्या डोळ्याने आणि स्वस्त सूक्ष्मदर्शकाने खात्रीने ओळखता येईल अशी ती मर्यादा आहे. नवख्यांना बारीकात बारीक तुकडे मोजायचा मोह होतो. तो टाळा. १ मिलिमीटरच्या वरचं नीट मोजलेलं काम हे ०.१ मिलिमीटरपर्यंत अंदाजाने मोजलेल्या कामापेक्षा कितीतरी उपयोगी. शंका आली तर तापवलेली सुई लावून बघायची: प्लास्टिक वितळतं किंवा आकसतं, शिंपल्याचा तुकडा तसाच राहतो. या परीक्षेत तुकडा खराब होतो, म्हणून एकसारख्या दिसणाऱ्या तुकड्यांपैकी एकावरच ती करा.

काडीकचरा जास्त असेल तर संपृक्त मिठाच्या पाण्यात तरंगवून वेगळं करता येतं. त्याची घनता साधारण १.२. पिशव्यांचं पॉलिथिलिन, दोऱ्यांचं पॉलिप्रॉपिलिन आणि मासेमारीचा नायलॉनही त्यात वर येतो. पण बाटल्यांचं पेट आणि पाइपांचं पीव्हीसी तळाशी जातं. तळचा गाळ फेकून देऊन ‘पेट सापडलं नाही’ असं लिहिणं हा नेहमीचा घोटाळा. प्रयोगशाळेत सेंद्रिय कचरा विरघळवायला ३० टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड लोहाच्या क्षारासोबत वापरतात. ते मिश्रण ७५ अंशांच्या आसपास उसळून भांड्याबाहेर येऊ शकतं, म्हणून घरी किंवा शाळेत हे करू नये. रस्ता नसलेल्या गावात असं रसायन विमानाने नेणंही कटकटीचं, कारण ते धोकादायक मालात मोडतं.

माशांची आतडी विरघळवायला अनेक प्रयोगशाळा पोटॅशियम हायड्रॉक्साइड वापरतात. क्लिअर ते वापरत नाही. एक तर त्यातून घातक कचरा तयार होतो, आणि दुसरं म्हणजे तपासलेली आतडी जिथून आली तिथे, त्या पाण्याला आणि पक्ष्यांना, परत देता येत नाहीत. डोळ्यांनी निवडण्यात वेळ जास्त जातो. तो वेळ कुणाचा आणि त्याचे पैसे कोण देणार, हा प्रश्न इथून सुरू होतो.

आणि तोच आम्हाला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. जाळं स्वस्त झालं म्हणजे संशोधन स्वस्त झालं असं अनुदान देणाऱ्यांना वाटतं. तसं होत नाही. खर्च जाळ्यातून पुढे सरकतो. काडीकचऱ्याने भरलेल्या एका नमुन्याची निवड करायला एका माणसाचा अख्खा दिवस जाऊ शकतो. सहा ठिकाणं, प्रत्येकी तीन ओढी, वर्षातून दोन ऋतू: ३६ नमुने. कोरे नमुने धरून चाळीस-पंचेचाळीस. म्हणजे एका माणसाचे दोन महिने नुसते सूक्ष्मदर्शकापाशी. त्यानंतर निवडलेल्या तुकड्यांपैकी काही एफटीआयआर किंवा रामन या प्रकाशावरून पदार्थ ओळखणाऱ्या यंत्राखाली ठेवून ते नेमकं कोणतं प्लास्टिक आहे ते ठरवावं लागतं. हे यंत्र गावात नसतं. तुकडे पाठवावे लागतात आणि यंत्राचा वेळ विकत घ्यावा लागतो. रंगीत तुकड्यांत रंगद्रव्यच आडवं येतं आणि ओळख पटत नाही, तेव्हा त्यासाठी जादा वेळ आधीच धरा.

म्हणून अर्जाचा खर्चाचा कागद असा असावा असं आमचं म्हणणं: जाळ्याची ओळ सर्वांत लहान. त्यापेक्षा मोठी ओळ होडीच्या इंधनाची आणि होडीवाल्याच्या दिवसाच्या मजुरीची. त्याहून मोठी नमुने निवडणाऱ्या गावातल्या माणसाच्या पगाराची. मानधनाची नव्हे, पगाराची. त्यानंतर गोठवलेल्या नमुन्यांची वाहतूक, यंत्राचा वेळ, आणि निष्कर्ष छापण्याआधी गावाला दाखवायच्या बैठकीचा खर्च. ही शेवटची ओळ सहसा गायब असते. क्लिअरने मासे खाणाऱ्यांसमोर निकाल आधी ठेवायची पद्धत पाडली. लोकांना आक्षेप घेता येतो, आणि हे छापू नका असंही सांगता येतं. ज्या अर्जात अशा बैठकीसाठी पैसे आणि वेळ नाहीत, त्यात गावाची संमती फक्त सहीपुरती राहते.

कॅनडात याला आधार देणाऱ्या दोन गोष्टी आहेत. नॉर्दर्न कंटॅमिनंट्स प्रोग्राम हा सरकारी कार्यक्रम १९९१ पासून चालतो. उत्तरेकडच्या मूळ रहिवाशांच्या पारंपरिक अन्नात येणाऱ्या दूषित द्रव्यांचा अभ्यास हे त्याचं काम. त्यात समाजाने स्वतः चालवलेल्या निरीक्षणासाठी वेगळा निधी आहे, आणि प्रादेशिक समित्यांत मूळ रहिवाशांचे प्रतिनिधी बसून प्रस्ताव तपासतात. २०१८ मध्ये इन्युइट तापिरीत कनातामी या राष्ट्रीय संघटनेने संशोधनाचं धोरण जाहीर केलं. त्यातली एक मागणी निधी इन्युइट लोकांच्या अग्रक्रमांशी जुळवण्याची आहे, दुसरी माहितीची मालकी आणि ताबा त्यांच्याकडे राहण्याची. नुनात्सिआवुतमध्ये काम करायचं तर तिथल्या सरकारच्या संशोधन सल्लागार समितीपुढे प्रस्ताव ठेवावा लागतो. बाहेरून आलेल्या संशोधकाने तिथे विद्यापीठाची परवानगी पुरेशी समजू नये. निधीचं वर्ष आणि बर्फाचं वर्ष जुळत नाही, हेही ध्यानात ठेवा: बर्फ वितळून पाणी मोकळं होईपर्यंत पैसे हाती नसले, तर पूर्ण हंगाम जातो आणि पुढच्या उन्हाळ्यापर्यंत थांबावं लागतं.

आपल्या किनाऱ्यावर हे जाळं चालेल का? चालेल, आणि एका बाबतीत जास्त चांगलं. वर्सोवा, वसई, अर्नाळ्याच्या कोळ्यांना डोल जाळं सांगायला नको: खुंटांना बांधलेली पिशवी, भरती-ओहोटीचा प्रवाहच मासा आत आणतो. बेबीलेग्ज तसंच वापरता येतं. खाडीत जेटीला किंवा खुंटाला लगाम बांधून तोंड प्रवाहाकडे ठेवलं की होडी नको, डिझेल नको. वेग मोजायला १० मीटर अंतरावर दोन खुणा करून पहिल्या खुणेपाशी एक नारळ सोडायचा. दुसऱ्या खुणेपर्यंत २० सेकंदांत गेला तर वेग सेकंदाला अर्धा मीटर. अर्ध्या तासात ९०० मीटर, म्हणजे वरच्याच तोंडातून साधारण ३.५ घनमीटर. प्रवाह बदलत जातो, म्हणून नारळ सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी असा तीनदा सोडा आणि सरासरी घ्या. उधाणाच्या (मोठ्या भरतीच्या) दिवशी आणि भांगाच्या (लहान भरतीच्या) दिवशी वेगवेगळे नमुने हवेत, आणि ओहोटीचे भरतीपासून वेगळे ठेवा. ओहोटी शहराचा कचरा बाहेर नेते, भरती समुद्राचा आत आणते. दोन्ही मिसळले तर कचरा कुठून येतो हेच कळणार नाही. जवळ्याच्या हंगामात टाइट्स दहा मिनिटांत गच्च भरतील, तेव्हा पाच-पाच मिनिटांच्या तुकड्यांत काम करावं.

मुंबईचे मूळ रहिवासी म्हणवणाऱ्या कोळी समाजाच्या जाळ्यात प्लास्टिक येतं हे सांगायला संशोधनाची गरज नाही. ते रोज हाताने उपसलं जातं. गरज आहे ती त्या उपशाची नोंद वजनाने, तारखेने आणि भरती-ओहोटीने ठेवण्याची, आणि त्या नोंदीवर कोळीवाड्याचं नाव राहण्याची. त्यासाठी बेबीलेग्जपेक्षा एक ताणकाटा आणि वही जास्त उपयोगी पडेल. बेबीलेग्ज त्यानंतर, बारीक तुकड्यांसाठी.

टिकाऊपणाबद्दल. नळकांडं, तरंगत्या बाटल्या आणि लगाम एक हंगाम आरामात जातात. ऊन लागलेल्या बाटल्या पुढच्या हंगामात बदला. दाबल्यावर करकरल्या तर त्या ठिसूळ झाल्या. टाइट्स मात्र ठिकाणागणिक नवे घ्यावेत. एकाच ठिकाणच्या तीन ओढींना तेच चालतात, मध्ये उलटून धुवून. दुसऱ्या ठिकाणी नेले तर विणीत अडकलेले जुने तुकडे नव्या नमुन्यात उतरतात आणि स्वच्छ खाडीच्या नावावर गलिच्छ खाडीचं प्लास्टिक चढतं. सहा ठिकाणं आणि दोन ऋतू म्हणजे बारा जोड. दोन जादा धरून चौदा. सगळे एकाच रंगाचे आणि एकदमच घ्यावेत, कारण नंतर तोच रंग मिळेल याचा भरवसा नसतो.